खोली एसी आहे का ते नंतर, रात्री दोन वाजता कोण उठतं ते आधी विचारा

सिस्टरांना विचारा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर आहेत. घरातल्या माणसाचा आजार आता बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, जवळपास एखादं हॉस्पिस (बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास शेवटपर्यंत कमी ठेवणारी जागा) किंवा घरी येणारी सेवा आहे, पण ती चांगली की नुसती नावाला, हे ओळखायचं कसं? मी आयुष्यभर नर्सची नोकरी केली. आधी सरकारी रुग्णालयाच्या कॅन्सर वॉर्डात आणि शेवटची बरीच वर्षं एका हॉस्पिसमध्ये. त्या अनुभवावरून तीन पत्रांना उत्तर देते. पहिल्या उत्तराला जागा जास्त जाईल, कारण बाकीच्या पत्रांमधले निम्मे प्रश्न त्यातच आले आहेत.

*

प्रश्न : सिस्टर, आई ७१ वर्षांची आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलेला. मोठ्या हॉस्पिटलने 'केमोचा उपयोग नाही, घरी न्या, सेवा करा' म्हणून डिस्चार्ज दिला. पोटातली कळ पाठीत निघते, रात्री तर बघवत नाही. घरात मी, बायको आणि थकलेले वडील. आमच्या शहरात दोन जागा आहेत. एक नवीन खाजगी सेंटर : एसी खोल्या, बाग, माहितीपत्रकात 'आयसीयू बॅकअप' आणि 'चोवीस तास तज्ज्ञ'. दिवसाचे पैसे बऱ्यापैकी आहेत, पण भाऊ आणि मी मिळून भरू शकतो. दुसरी एका ट्रस्टची जुनी इमारत, मोजक्या खाटा, मोफत, पण नंबर लावावा लागतो. भाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, तिकडे हॉस्पिसला सरकारी रेटिंग असतं, इकडचं गुगलवर बघ. गुगलवर खाजगीला भरपूर स्टार आहेत, ट्रस्टला चारच रिव्ह्यू, त्यातला एक पार्किंगबद्दल. आईला 'कॅन्सर' शब्द आम्ही सांगितलेला नाही. काय करू? (एक मुलगा, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : भावाचं म्हणणं खोटं नाही. अमेरिकेत मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या, वेबसाइटवर हॉस्पिसना स्टार दिलेले असतात. माणूस गेल्यावर काही महिन्यांनी घरच्यांना प्रश्नावली पाठवतात आणि तिच्या उत्तरांवरून ते स्टार ठरतात. आपल्याकडे असलं काही नाही. गुगलवरचे स्टार म्हणाल तर ते कोणीही देतं. इमारतीच्या उद्घाटनाला आलेला पाहुणाही देतो. शिवाय ज्यांच्या घरातलं माणूस नुकतंच गेलंय ते रिव्ह्यू लिहायला बसत नाहीत. तेव्हा चार रिव्ह्यू म्हणजे जागा वाईट, असं धरू नका.

पण त्या अमेरिकन प्रश्नावलीतले प्रश्न मात्र उचलण्यासारखे आहेत. संध्याकाळी, रात्री, सुट्टीच्या दिवशी मदत हवी होती तेव्हा मिळाली का? दुखण्यावर हवा तेवढा इलाज झाला का? औषधांचे दुष्परिणाम कोणी समजावले का? घरच्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं का? बागेबद्दल एकही प्रश्न नाही. भावाला म्हणावं, स्टार नाहीत, पण प्रश्न तेच विचारतो.

तुमच्या आईचा मुख्य त्रास दुखणं हा आहे. म्हणून दोन्ही ठिकाणी जाण्याआधी फोन करा आणि एकच विचारा : 'तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या आज तुमच्या कपाटात आहेत का?' मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक, ते ठेवायला सरकारी मान्यता लागते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे पूर्वी ते इतकं किचकट होतं की कॅन्सरचा वॉर्ड असूनही काही रुग्णालयं ती ठेवतच नसत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्याच्या औषध प्रशासनाची मान्यता घेतलेल्या वैद्यकीय संस्थेला ती ठेवता येऊ लागली. आता मनात असेल तर अडचण नाही. एखादी जागा स्वतःला हॉस्पिस म्हणवते आणि मॉर्फिन ठेवत नाही, तर तिथे चौकशी पुढे नेण्यात अर्थ नाही.

उत्तर कसं येतं तेही ऐका. 'आहे, पण डॉक्टरांना विचारून' असं कोणी म्हटलं तर हरकत नाही. मॉर्फिन कुलपातच असतं आणि गोळी-गोळीची रजिस्टरमध्ये नोंद असते. 'तसलं काही लागत नाही, आम्ही साध्या इंजेक्शनवर भागवतो' हे उत्तर वाईट. 'पॅच लावतो' हेही अपुरं. फेंटॅनिल या वेदनाशामकाचा कातडीवर चिकटवायचा पॅच महाग असतो, लावल्यावर काम सुरू करायलाच त्याला अर्धा दिवस लागतो आणि आज रात्री कळ आली तर त्याचा उपयोग नाही. तो दुखणं आटोक्यात आल्यावर लावायचा.

आता दुसरा प्रश्न : 'मॉर्फिन देता कसं?' जाणकार नर्स न अडखळता सांगेल की गोळी घड्याळाप्रमाणे दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. मधेच कळ आली तर जादा डोस. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने पोट बांधलं जातंच. पहिले काही दिवस मळमळ होऊ शकते, तिचीही गोळी. किडनी किंवा लिव्हर बिघडलेलं असेल तर डोस जपून. यातलं पोट साफ होण्याचं कोणी आपणहून बोललं तर मला ती जागा आवडते. चार दिवस शौचाला न झालेला पेशंट जितका तळमळतो तितका कधी कधी कॅन्सरने तळमळत नाही, आणि नवखे लोक ते दुखणं समजून मॉर्फिन वाढवत बसतात. 'सवय लागेल' ही भीती घरचे घालतात, त्याचं समजू शकतं. हॉस्पिसवालेच घालायला लागले तर तिथून उठा.

स्वादुपिंडाच्या दुखण्याबद्दल एक खास गोष्ट विचारून घ्या. पोटाच्या मागच्या बाजूला नसांचा गुंता असतो, तिथे औषध सोडून त्या नसा बधिर करता येतात. सीलिॲक ब्लॉक म्हणतात त्याला. प्रत्येकाला करता येतो असं नाही आणि हॉस्पिसमध्ये तो होतही नाही, त्यासाठी भूलतज्ज्ञ किंवा पेन क्लिनिक लागतं. पण ज्या जागेचे डॉक्टर केसपेपर बघून स्वतःच म्हणतील, 'यांचा ब्लॉक होतो का बघू या, मी अमक्यांशी बोलतो', ते डॉक्टर कामाचे.

फोन झाले की प्रत्यक्ष जा. सकाळी अकराला जाऊ नका. त्या वेळी राउंड झालेला असतो, चादरी बदललेल्या असतात आणि व्यवस्थापक मोकळे असतात. संध्याकाळी सात-साडेसातला जा, शक्यतो रविवारी. आगाऊ सांगून गेलात तर खोल्या दाखवतील, न सांगता गेलात तर जागा दिसेल. आत घेतलं नाही तरी दारातून बरंच कळतं.

आधी वास. फिनेलचा भपकारा असेल तर तो कशावर तरी पांघरूण घालतोय असं समजा. चांगल्या हॉस्पिसला जेवणाचा वास असतो. जखमांचा वास मुळीच येणार नाही असं नाही, पण तो आटोक्यात ठेवता येतो. तोंडाच्या कॅन्सरचे एक काका आमच्याकडे होते, शेतकरी. गालाला आरपार जखम. वासामुळे त्यांनी स्वतःच नातवाला जवळ यायला मनाई केली होती, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आमची ड्रेसिंगची सिस्टर मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या खलात कुटून ती पूड जखमेवर भुरभुरायची, वर व्हॅसलिन लावलेली गॉज. दोन-तीन दिवसांत वास गेला. मग तो पोरगा खाटेवर बसून आजोबांना शाळेतलं वाचून दाखवायचा आणि काका मान हलवून चुका काढायचे. औषध अगदी स्वस्तातलं. ज्या जागेला हे माहीत नाही तिथे अगरबत्त्या लावलेल्या असतात.

मग पेशंटच्या तोंडाकडे बघा, चेहऱ्याकडे नव्हे. ओठ फुटलेले, जिभेवर पांढरा थर, म्हणजे तोंड पुसायला कोणी येत नाही. टाचांकडे बघा. टाचा गादीला टेकून लाल झाल्यात की पोटऱ्यांखाली उशी देऊन उचलून धरल्यात? पडून राहून पाठीला झालेले फोड तुम्हाला कोणी दाखवणार नाही, टाचा मात्र चादरीबाहेर असतात. पाण्याचं भांडं पेशंटच्या हाताला लागेल असं आहे की खोलीच्या त्या टोकाला टीव्हीखाली? बेल दाबली तर किती वेळाने कोणी येतं, आणि आलेली बाई दारातून 'काय पाहिजे?' विचारते की खाटेपर्यंत येते? आमच्याकडच्या एक मावशी कोकमाच्या सरबताचा बर्फ करून ठेवायच्या. गिळता येत नाही अशा पेशंटच्या ओठात त्याचा लहान तुकडा धरायच्या. कुठल्या प्रोटोकॉलमध्ये हे नव्हतं.

मावशींवरून आठवलं, त्यांच्याशी बोला. डॉक्टरांशी सगळेच बोलतात. मावशींना विचारा, 'इथं किती वर्षं झाली?' दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर कारण पगारात किंवा वागणुकीत असतं, आणि ते पेशंटपर्यंत पोचतंच. 'काल रात्री ड्युटीला कोण होतं, किती जणी होतात?' हेही विचारा. माहितीपत्रकातल्या 'चोवीस तास तज्ज्ञ' या शब्दांचा अर्थ इथे उलगडतो. रात्री डॉक्टर आवारात नसले तरी चालतं, हॉस्पिसमध्ये पुष्कळ ठिकाणी नसतात. पण शिकलेली नर्स जागी हवी, जादा डोस द्यायची लेखी ऑर्डर तिच्या चार्टवर आधीपासून हवी आणि डॉक्टरांचा फोन लागायला हवा. नर्स डॉक्टरांना उठवायला घाबरत असेल तर पेशंट सकाळच्या राउंडपर्यंत कण्हत राहतो. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, म्हणून रात्रीबद्दल इतकं सांगतेय.

तुमच्या खाजगी सेंटरचं 'आयसीयू बॅकअप' मला खटकलं. तुमच्या आईला आयसीयूचा काय उपयोग? त्यांना स्पष्ट विचारा : 'श्वास लागला, शुद्ध हरपायला लागली, तर तुम्ही काय कराल?' 'लगेच हलवू' असं उत्तर आलं तर ते हॉस्पिस नव्हे, हॉस्पिटलची वेटिंग रूम आहे. ज्यांना हे काम येतं ते सांगतील की इथेच ठेवू, कुशीवर वळवू, घशातली घरघर कमी करायचं इंजेक्शन देऊ, तोंडाने घेता येत नसेल तर मॉर्फिन त्वचेखाली बारीक सुईने देऊ, आणि तुम्हाला वेळेवर बोलावू. आई आज शुद्धीत आहे, तिला स्वतःला मशीन-नळ्या नको असतील तर तसं लिहूनही ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. पण त्यासाठी आईला आजार माहीत असायला हवा.

तेव्हा त्या न सांगण्याबद्दल. दोन्ही ठिकाणी म्हणून बघा, 'आईला काही सांगू नका हं.' एक जागा म्हणेल, 'अजिबात नाही, काळजीच करू नका.' दुसरी म्हणेल, 'आम्ही आपणहून सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आधी त्यांना काय वाटतंय ते त्यांच्याकडूनच ऐकू.' मी दुसरी निवडेन. आणि तुम्हाला म्हणून सांगते, ७१ वर्षांच्या बाईला, मोठ्या हॉस्पिटलातून घरी पाठवलेल्या बाईला, आपल्याला काय झालंय ते कळत नाही यावर माझा विश्वास नाही. ती तुमच्यासाठी गप्प आहे.

वडिलांचं काय? रात्री सोबत राहता येतं का, त्यांना कॉट मिळते का, जेवणाची सोय काय, ते विचारा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी सेवा) सेंटर १९९७ पासून आहे. तिथे पेशंटसोबत घरचं माणूस राहतं, त्याला ड्रेसिंग, नळीतून भरवणं शिकवतात, आणि पैसे घेत नाहीत. मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ चं, देशातलं पहिलं हॉस्पिस, तेही मोफत. तेव्हा 'फुकट म्हणजे कसंबसं' हे डोक्यातून काढा. पैसे घेणारी जागा वाईट असंही नाही. फक्त लेखी घ्या की दिवसाच्या आकारात काय धरलंय : डायपर, ऑक्सिजन, एअर बेड, ड्रेसिंगचं सामान, डॉक्टरांची भेट. आणि पेशंट तिसऱ्याच दिवशी गेला तर अनामत कधी परत मिळते. हा प्रश्न तोंडातून निघत नाही, पण बायकोला विचारायला लावा. बायकांना जमतं.

कुठली जागा घ्यायची ते मी इथे बसून ठरवू शकत नाही. पण नंबर आजच लावा, ठरलं नसेल तरी. आणि ट्रस्टवाल्यांना विचारा की खाट मिळेपर्यंत कोणी घरी येऊन दुखण्याचं बघेल का. बऱ्याच संस्थांची घरी जाणारी टीम असते. हॉस्पिसमध्ये गेलं की परत यायचं नाही, असंही काही नसतं. आठ-दहा दिवस राहून दुखणं आटोक्यात आणायचं आणि घरी परतायचं, असे पेशंट पुष्कळ असतात. तोपर्यंत जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी आहे का बघा, मॉर्फिन तिथेही मिळू शकतं. आईला आजची रात्र काढायची आहे, ती खाटेच्या नंबरासाठी थांबायला नको.

एक राहिलं. चौकशीला गेलात तर तेही तुम्हाला काही विचारतात का, तिकडे लक्ष ठेवा. आई काय खाते, रात्री झोप किती, घरात कोण करतं, देवाधर्माचं काय, तिला कशाची हौस. आमच्या मॅट्रन पहिल्या भेटीत आधार कार्डाच्या आधी 'चहा साखरेचा की बिनसाखरेचा?' विचारून केसपेपरवर लिहायच्या. जिथे पहिला प्रश्न 'पॅकेज कुठलं घेणार?' असतो तिथलं पुढचं सगळं त्याच चालीवर असतं.

*

प्रश्न : बाबांना (वय ८२) घरीच राहायचंय. ठाण्यातल्या एका ब्यूरोकडून 'हॉस्पिस होम केअर नर्स' घेतली आहे, बारा तासांची. मुलगी गुणी आहे, पण परवा बाबांना धाप लागली तेव्हा तिने मलाच विचारलं, 'ताई, आता काय करायचं?' ब्यूरोला फोन केला तर 'डॉक्टर तुमचे तुम्ही बघा' म्हणाले. आमची फसवणूक होतेय का? (एक मुलगी, ठाणे)

उत्तर : ताई, मुलीचा दोष नाही. तुम्हाला बहुधा अटेंडंट दिली आहे आणि नर्सचे पैसे लावलेत. ओळखायला सोपं आहे. तिचं नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र बघायला मागा. जीएनएम तीन वर्षांचा कोर्स, एएनएम दोन वर्षांचा, आणि दोघींची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. काही महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी अंघोळ, डायपर, कूस बदलणं, भरवणं उत्तम करते आणि बाबांना बहुतेक वेळ तेच लागतं. तिला काढू नका. ब्यूरोला फक्त दर बदलायला सांगा आणि 'हॉस्पिस' हा शब्द बिलावरून काढायला लावा.

तुम्हाला कमी आहे ती टीम. घरच्या हॉस्पिस सेवेत डॉक्टर आणि नर्स ठरलेल्या दिवशी येतात, औषधं बदलतात, घरच्यांना शिकवतात आणि मधल्या काळात फोनवर असतात. मुंबईत जिमी बिलिमोरिया फाउंडेशनची पालकेअर ही सेवा घरी जाते आणि पैसे घेत नाही. बाबांचे कागद टाटा मेमोरियलचे असतील तर तिथल्या पॅलिएटिव्ह मेडिसिन विभागाचीही होम केअर आहे. तुमच्या भागात कोण येतं ते फोन करून विचारा. खरी सेवा असेल तर पहिल्याच भेटीत ते घरात एक लहान डबा भरून देतात : धाप लागली तर हे, कळ आली तर हे, बेचैनी वाढली तर हे, प्रत्येकावर मराठीत लिहिलेलं आणि वर फोन नंबर. परवासारखी धाप लागली की तुमची ती मुलगीही डबा उघडेल, नंबर लावेल आणि तोपर्यंत बाबांना उशांच्या आधाराने बसतं करून, खिडकी उघडून, टेबलफॅन चेहऱ्याकडे वळवेल. फॅनच्या वाऱ्याने धाप खरोखर कमी वाटते. ऑक्सिजन प्रत्येकाला लागतोच असं नाही.

अजून एक विचारा, जे लोक अगदी शेवटी विचारतात : 'बाबा घरी गेले तर दाखला कोण देईल?' घरी झालेल्या मृत्यूसाठी ४-अ नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनी ते द्यायचं असतं, कायद्याने विनामूल्य. त्याच्याशिवाय स्मशानात अडतं. पहाटे चारला सोसायटीतल्या अनोळखी डॉक्टरांचं दार ठोठावून 'सही देता का' म्हणत फिरलेली घरं मी पाहिली आहेत, आणि अनोळखी पेशंटवर सही करायला ते डॉक्टर कचरतात हेही बरोबरच आहे. जी सेवा म्हणते, 'आम्ही भेट देत असू तर आमचे डॉक्टर येऊन दाखला देतील', ती घ्या. जी विषय टाळते तिला सोडा. पुढे मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, त्याला वेळ असतो.

*

प्रश्न : सासूबाई एका हॉस्पिसमध्ये वारल्या. शेवटचे दोन दिवस त्यांना सलाईनसुद्धा लावलं नाही. आत्येसासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत की आम्ही त्यांना उपाशी मारलं. हॉस्पिस चुकलं का? आणि तक्रार करायची तर कुठे? (एक सून, नाशिक)

उत्तर : तुमच्या पत्रात लिहिलंय की त्या शांत होत्या, ओठ ओले ठेवत होते, कूस बदलत होते आणि तुम्हाला जवळ बसू दिलं. सलाईन न लावणं ही एवढ्यावरून चूक म्हणता येत नाही. शरीर बंद व्हायला लागतं तेव्हा भूक आधी जाते, मग तहान. त्या वेळी शिरेतून दिलेलं पाणी वापरलं जात नाही. ते पायावर, फुप्फुसात साचतं, घरघर वाढते आणि सुया टोचायला शीर शोधताना हात काळेनिळे होतात. आपल्याकडे बाटली लटकलेली दिसली की नातेवाइकांना इलाज चाललाय असं वाटतं, आणि पुष्कळ नर्सिंग होम त्याच समजुतीवर चालतात. न लावणाऱ्या डॉक्टरला आत्येसासूबाईंना तोंड द्यावं लागतं, म्हणून मी त्याला धीट म्हणेन.

चूक असेल तर ती दुसरीकडे. हे सगळं तुम्हाला आधी कोणी बसवून सांगितलं होतं का? पत्रावरून तसं दिसत नाही. सलाईन न लावण्याचा निर्णय डॉक्टरांचा, पण तो घरच्यांना समजेपर्यंत सांगणं हे त्यांच्याच कामात येतं. आणि माणूस गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत तिथून एक फोन यायला हवा होता : तुम्ही कशा आहात, काही विचारायचंय का. आला नाही ना? मग तुम्हीच अपॉइंटमेंट घ्या, आत्येसासूबाईंना बरोबर न्या आणि त्या डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर समजावून सांगायला लावा. त्याआधी केसपेपरची प्रत मागा. लेखी मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. शेवटच्या दोन दिवसांच्या नर्सिंग नोंदी वाचा. दर दोन-तीन तासांनी काहीतरी लिहिलेलं असेल, दुखणं विचारलेलं असेल, औषधाची वेळ असेल, तर काम झालंय. दिवसभरात एकच ओळ, तीही 'पेशंट कम्फर्टेबल' अशी रोज त्याच अक्षरात, तर तुमची शंका रास्त आहे.

कागद बघूनही समाधान झालं नाही तर तक्रार आधी लेखी त्यांच्याकडेच द्या आणि पोच घ्या. आपल्या राज्यातल्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले आहेत. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आहे आणि तक्रारींची दखल घ्यायची व्यवस्थाही त्यात आहे. महापालिका हद्दीत महापालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा. सोबत केसपेपरची प्रत जोडा, तारीखवार लिहा आणि जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहा. आत्येसासूबाईंनी ऐकलेलं त्यात घालू नका, त्या स्वतः किती वेळा तिथे आल्या होत्या तेही कोणी विचारेल.